सासऱ्याचं नाव घेणारी सून

कतारला, दोह्यात गाडी चालवता चालवता मी म्हातारा झालो, पण प्रश्न विचारून माणसाला दमवणारी, कझाकस्तानच्या त्या सिनेमावाल्या बाईसारखी दुसरी कुणी या जगात असेल असं मला वाटत नाही. अल दुहैलला तिचं बिऱ्हाड, लुसैलला काम, आणि ने-आण माझ्याकडे. सिग्नल लागला की काच खाली करून शेजारच्या ड्रायव्हरला विचारणार, "भाई, बीवी तुमको क्या बुलाती?" हिंदी तिनं पिक्चर बघून उचललेली. एका भाजीवाल्याला हेच विचारलं, तर तो इतका लाजला की कोथिंबिरीची जुडी फुकटच तिच्या हातात कोंबून आत पळाला. मलाही सोडलं नाही. मी म्हटलं, "हमारी घरवाली 'अहो' बोलती." तिला वाटलं, माझं नावच ते! दुसऱ्या दिवशी अल नस्रला मी आपल्याकडच्या पोरांबरोबर चहा पीत होतो, तर खरेदी आटोपून ही रस्त्यापलीकडून ओरडतेय, "अहो! यल्ला, चलो, अहो!" पोरं म्हणाली, "तात्या, उठा, काकू आल्या न्यायला!" मी तिला ठणकावलं, "मॅडम, ये नाम नहीं." "फिर मतलब क्या?" आता इतकी वर्षं ऐकतोय, पण मतलब काही सांगता येईना. मी गाडी सुरू केली.

तिचा सिनेमाच त्यावर होता. त्यांच्यात सून सासऱ्याचं नाव तोंडातून काढत नाही; हिच्या सिनेमातली सून भर पंगतीत त्याला नावानं हाक मारते. हिच्या आईनं तिकडून बजावलं होतं, तसं दाखवलंस तर माझ्या दारात येऊ नकोस. हिनं दाखवलंच.

लुसैलला सिनेमा लागला, त्याच दिवशी आईनंही तो तिकडे घरी ऑनलाइन बघितला. परतताना गाडीत फोन वाजला तशी बाईचा चेहरा उतरला. पलीकडून आई तावातावानं बोलत होती, मला एक शब्द कळेना. मी गाडी कडेला घेतली. फोन ठेवून बाई डोळे पुसत हसायला लागली.

"क्या बोली?"

"बोली, उस बहू को चाय देना नहीं आता. प्याली पूरी भर दी. हमारे में पूरी प्याली मतलब, मेहमान, अब उठो, जाओ."

"और नाम का?"

"कुछ नहीं. पर अहो, चाय का सीन तो नाम के बाद आता है! पूरा देखा उसने. बोली, घर आ, मैं सिखाती हूँ."

पुढच्या आठवड्यात तिला विमानतळावर सोडलं. हल्ली मागच्या सीटवर साहेब लोक बसतात, मोबाइलमध्ये तोंड घालून. त्या माउलीनं सुनेच्या तोंडून ते नाव ऐकलं तेव्हा तिला नेमकं काय वाटलं असेल, हे मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. विमानतळापर्यंत विचारीन विचारीन म्हणत होतो. तेवढ्यात ती बॅगा घेऊन आत गेलीसुद्धा.