भावजींचे धुराचे परवाने

आमचे भावजी, म्हणजे माझे धाकटे दीर, बाटल्यांच्या कारखान्यात धुराचा हिशेब बघतात. वर्षभरात कारखान्याने जितका कार्बन हवेत सोडला, तितके परवाने सरकारकडे भरायचे, ही त्यांची नोकरी. काही परवाने सरकार दरसाल देतं, कमी पडतील ते बाजारातून घ्यायचे. मुदत चुकली की जबर दंड. "माझ्याशिवाय कारखान्याला श्वास घेता येत नाही," असं छाती फुगवून सांगत फिरतात. श्वास म्हणे!

हे, म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, तिथल्याच जुन्या भट्टीवर. भावजींचं सगळं शिक्षण त्याच भट्टीच्या पगारावर झालं. काचेची भट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षं विझवायची नसते. आतली काच थंड पडली की दगड होते, भिंती तडकतात, मग ती भट्टी मेलीच. आमच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा हे मधेच जाऊन तिच्यात डोकावून आले होते.

गेल्या वर्षीचे परवाने बरेच कमी पडले. वेळेवर घ्यायचे, तर भावजींना अतिशहाणपणा सुचला. "थांबा साहेब, भाव उतरणार," असं मालकांना सांगून बसले. जेवताना ह्यांनी म्हटलंसुद्धा, "अरे, मुदत आली की सगळेच घ्यायला धावतील ना?"

"दादा, तू तुझी भट्टी बघ."

मुदत तोंडावर आली आणि भाव आभाळाला भिडला. भावजी ताट अर्धंच टाकून उठायला लागले. खरं सांगते, मला बरं वाटलं.

मग ह्या गृहस्थाने काय करावं? यंदासाठी सरकारने नुकतेच दिलेले परवाने उचलले आणि गेल्या वर्षीच्या खड्ड्यात घातले. नियमात बसतं म्हणे. मुदत पाळली, स्वतःची नोकरी वाचवली. पण आता यंदाच्या धुराला परवाने कुठून आणायचे? मालकांनी विचारलं, "सगळ्यात जास्त धूर कोण काढतं?" भावजींनी जुन्या भट्टीकडे बोट दाखवलं. जीभ कशी झडली नाही!

"वहिनी, आकडे खोटं बोलत नाहीत," मला शिकवायला लागले.

"आकडे नसतील बोलत. तुम्ही तरी एकदा खोटं बोलायचंत की!"

भट्टी विझवायचं काम ह्यांच्याच गळ्यात पडलं. दुसऱ्या कुणाला तिच्यातलं काही कळत नव्हतं. ह्यांनी तळाचं तोंड फोडून सगळी काच पाण्यात सोडली, आणि मग जाळ बघायची निळी काच डोळ्यांपुढे धरून आत बघत उभे राहिले. आत काळोख होता. तेवढ्यात भावजी कागद घेऊन आले. भट्टीचा गॅस बंद केल्याची भट्टीवाल्याची सही धुराच्या तपासनिसाला लागते.

"दादा, इथे सही कर."

ह्यांनी केली. वर विचारलं, "नीट आली ना रे?" हे मला भट्टीवरच्या त्यांच्या जोडीदाराने येऊन सांगितलं, तेव्हा मी हातातलं भांडं भिंतीवर फेकलं.

भट्टीबरोबर ह्यांची नोकरी गेली. भावजींना बढती मिळाली. तरी जेवायला अजून आमच्याकडेच येतात, कोडगे कुठले! मी त्यांचं ताट वाढणं सोडलं. म्हटलं, बसू दे उपाशी, मग कळेल.

पण हे आता दिवसभर घरीच असतात. भावजी दारात दिसले की उठतात, खुर्ची सरकवतात, स्वतः वाढतात आणि शेजारी बसून राहतात.

"पोटभर जेव," कालही म्हणाले. "मुदत जवळ आली ना तुझी, दमला असशील."