पेट्याचा मान

सितुमा कोंबडा काखोटीला मारून आला, तेव्हाच नाब्विलेने ओळखलं, की दीर नुसता जेवायला आलेला नाही. बुंगोमाकडच्या आमच्या गावांत कोंबडं शिजलं की त्यातला पेटा, कोंबड्याच्या पोटात दाणे दळणारा तो टणक गोळा, घरच्या कर्त्याच्या ताटात जातो. बाईने तो चाखायचासुद्धा नाही. नाब्विलेच्या मावशीने एकदा चाखला, तर नवऱ्याने तिला माहेरी धाडली, वर सांगितलं, "येताना अख्खी कोंबडी घेऊन ये." लोक अजून हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

नाब्विलेचा नवरा मुख्वाना जाऊन वर्ष सरलं होतं. घरात बोलायला माणूस नाही. ती कोंबड्यांशी बोलायची, आणि संध्याकाळी त्या खुराड्यात शिरल्या की गप्प व्हायची. सितुमाला हे ठाऊक होतं. तो आला तो थेट मुख्वानाच्या खुर्चीत बसला.

"वहिनी, घराला पुरुषमाणूस नको? भिंतींशी किती दिवस बोलणार?"

"कोंबड्यांशी बोलते, भावोजी. त्या ऐकून तरी घेतात."

"बोला, बोला! आज पेटा कुणाच्या ताटात पडतो ते बघू. माझ्या पडला, की शनिवारी बिऱ्हाड घेऊन येतो."

नाब्विलेने कोंबडा कापला, पिसं काढून जाळावर भाजला आणि राख गाळून काढलेल्या खारात मडक्यात शिजत घातला. पेटा चिरून खडे धुतले, आतली पिवळी साल सोलली आणि तोही मडक्यात टाकला. हात सवयीने चालत होते, पण जीव थाऱ्यावर नव्हता. खोटं कशाला बोला, मन डळमळलं होतं. सितुमा काही वाईट नव्हता. घरात दुसऱ्या माणसाचा नुसता खोकला ऐकू आला, तरी तिला पुरलं असतं.

पण पेटा पळीत आला आणि तिला मुख्वाना आठवला. तो पेटा तोंडात टाकून डोळे मिटायचा, किती तरी वेळ चघळायचा, मग म्हणायचा, "नाब्विले, असला पेटा तुझ्याच हातचा!" ती चुलीपाशी बसून बघायची. तोंडाला पाणी सुटायचं. काय गोडी असेल त्यात, देव जाणे.

तिने सितुमाला उकड आणि तंगडी वाढली. त्याने रस्सा ढवळून बघितला.

"वहिनी, पेटा?"

"या घरात कर्ती आता मीच आहे, भावोजी."

"म्हणजे तुम्ही खाणार? बाईमाणूस?"

"माहेरी धाडायला नवरा आहे कुठे?"

सितुमाने तंगडी मात्र सोडली नाही. हाडूक चोखून झालं, मग तो निरोप न घेता निघून गेला.

नाब्विलेने दार लावलं. आपल्या पाटावर बसून पेटा तोंडात टाकला. चामट. चावता चावेना. चव म्हणावी तर नुसत्या खाराची. मुख्वानासारखे डोळे मिटून पाहिले, तरी तेच.

म्हणजे इतकी वर्षं तो पेट्याचं नव्हे, तिचं कौतुक करत होता. आणि ती वेडी पेट्याचा हेवा करत बसली होती.

"मग सरळ सांगायचं होतंत ना," ती रिकाम्या खुर्चीला म्हणाली, आणि घास तोंडात तसाच ठेवून रडत राहिली.