सहाव्या भागातली किंकाळी

माझी मावशी किंचाळण्यात पटाईत. हसू नका! रक्तपिशाच्च सरदाराच्या सिनेमांत शवपेटीचं झाकण उघडतं आणि तळघरात आलेली मोलकरीण किंचाळते ना, तो आवाज मावशीचा. पडद्यावर नुसतं झाकण दिसतं, मोलकरीण दिसतच नाही. पाच भाग झाले, गोष्ट तीच. शेवटी सरदाराची राख होते आणि पुढच्या भागात स्वारी पेटीत पुन्हा हजर! ध्वनिमुद्रण माझ्याकडे असतं, त्यामुळे या मेल्याचं तोंड पाहून मला वीट आलाय. मावशीला मात्र कोण कौतुक. "अगं, गेलेलं माणूस परत येतं, आणखी काय हवं?" ती हसत म्हणायची.

सहाव्या भागाच्या आधी काका, मावशीचे यजमान, गेले. मावशीचा आवाजच खोल गेला. दिग्दर्शक म्हणाला, "जुनीच किंकाळी लावू. कोणाला कळतंय?"

मावशीचा चेहरा खर्रकन उतरला. "तेवढं एकच काम उरलंय गं माझं," ती मला म्हणाली. "तेही काढून घेताहेत." माझं डोकंच फिरलं. मी दिग्दर्शकाशी कडाकडा भांडले आणि तिला एकदा माइकपुढे उभं करायला लावलं.

आमच्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीच्या भिंतींना जाड गाद्या ठोकलेल्या आहेत. आत भरदुपारीही झोपेत चालल्यासारखं वाटतं. दिवे मालवले. पडद्यावर धुकं तरंगत होतं. पावलं वाजू नयेत म्हणून मावशी चपला काढून माइकसमोर उभी राहिली. झाकण हळूहळू वर जाऊ लागलं. मी काचेआडून हात वर केला.

मावशी किंचाळलीच नाही. तिनं केसांवरून हात फिरवला आणि अगदी हळू म्हणाली, "आलात? किती उशीर केलात हो."

मावशी एकदम भानावर आली. "अगंबाई! चुकलंच माझं. परत करू या, या वेळी नक्की किंचाळते."

"नको," दिग्दर्शक म्हणाला. "हेच राहू दे."

सिनेमा लागला तेव्हा मी तिला घेऊन गेले. झाकण हललं, तिचा आवाज आला आणि सगळं थिएटर चिडीचूप झालं. मावशी मान उंचावून, डोळे लावून बघत होती. पेटीतून सरदार उठला, नेहमीचाच, काळ्या झग्यातला.

"हे नव्हेत गं," मावशी म्हणाली आणि तिनं माझा हात घट्ट धरला.