पाइपातून आलेली हाक

लीलाताई सबनीस यांच्या घरातली हाइत्सुंग, म्हणजे खोल्या गरम ठेवणारी यंत्रणा, सकाळी तापायला लागली की तिचे पाइप ठोके द्यायचे. जुन्या इमारतींतून हे होतंच. लोखंड गरम झालं की कुरकुरतं, त्यात नवल काही नाही. नवल हे, की लीलाताई त्या ठोक्यांना स्वयंपाकघरातून ओ द्यायच्या. "आले हो, आले!"

त्याला कारण होतं. त्यांचे यजमान दत्ता सबनीस शेवटचं वर्षभर अंथरुणाला खिळून होते. अर्धांगाच्या झटक्यात उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. पलंग खिडकीखाली, हाइत्सुंगच्या शेजारी होता. पाणी हवं असलं, कूस बदलायची असली, की डाव्या हातातला चमचा ते पाइपावर आपटायचे आणि बाई हातातलं असेल ते टाकून धावायच्या. कधी कधी हवंनको काहीच नसायचं, नुसतं बोलवायचं असायचं. मग त्या लटकंच रागवायच्या, "मी काय तुमची नर्स आहे?" आणि तिथेच पलंगाच्या कडेला टेकायच्या.

मार्चमध्ये दत्ता गेले. उन्हाळा शांततेत गेला, नको तितक्या शांततेत. ऑक्टोबरात हाइत्सुंग सुरू झाली आणि पहिल्याच सकाळी पाइप वाजला. लीलाताई गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. ओला टॉवेल तसाच टाकून त्या आत धावल्या, तोंडातून शब्द निघूनही गेले होते. खोलीत रिकामा पलंग. त्या कडेला टेकल्या, पोटभर रडल्या, आणि दुसऱ्या दिवशीच्या सकाळची वाट बघायला लागल्या.

आता लीलाताई काही भोळसट बाई नव्हत्या. लग्न होऊन जर्मनीत, स्टुटगार्टच्या या टेकडीवर आल्या, दत्ता गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत इंजिनियर, आणि त्या स्वतः वीसेक वर्षं बेकरीच्या काउंटरवर. इथली बोली अशी उचलली, की डोळे मिटून ऐकणाऱ्याला बाई याच टेकडीवर जन्मल्यात असं वाटावं. पाइप का वाजतो हे इमारतीची देखभाल करणाऱ्या हाउसमाइस्टरने त्यांना नीट समजावून सांगितलं होतं. "आत हवा अडकलीय, फ्राउ सबनीस. आत्ता काढतो, आवाज बंद." बाईंनी त्याला दारातच कॉफी पाजून वाटेला लावलं. मुलगी वीणा र्युसेल्सहाइमला असते, तिच्यापाशी त्या यातलं अक्षर बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर तिने लगेच डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली असती.

त्यांच्या खाली, तळमजल्यावर, हेर माइले राहायचे. वय पंच्याऐंशीच्या घरात, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि स्वभाव मुलखाचा खवट. कुकरच्या शिट्ट्या, फोडणीचा वास, जिन्यात निथळत ठेवलेली छत्री, सगळ्यावर त्यांची तक्रार. इतक्या वर्षांच्या शेजारात दोन्ही घरांचं बोलणं 'गुटन टाग'च्या पुढे सरकलं नव्हतं. वरच्या मजल्यावरचं तरुण जोडपं जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात सुट्टीवर गेलं होतं. म्हणजे इमारतीत ही दोनच माणसं, एकावर एक.

त्याच आठवड्यात पाऊस आला आणि पडता पडता गोठला. झाडं, कुंपणं, गाड्यांची दारं, सगळ्यावर काचेचं कवच चढलं. फांद्या मोडल्याचे आवाज दिवसभर येत राहिले. टेकडीमागच्या सबस्टेशनवर मोठं झाड कोसळलं आणि अख्ख्या उतारावरचे लाइट गेले.

लीलाताईंना सुरुवातीला त्याचं काहीच वाटलं नाही. खिडकीतून शेजारपाजारचे लोक रस्त्यावर येऊन बावचळल्यासारखे दिव्यांच्या खांबांकडे बघताना दिसत होते. त्यांना हसू आलं. पुण्यात वाढलेल्या बाईला लाइट जाण्याचं काय कौतुक? मेणबत्त्या कुठे आहेत हे त्यांना अंधारातही ठाऊक होतं. पण पुण्यात लाइट गेले की घाम फुटतो. इथे हाइत्सुंगचा पंपच विजेवर चालतो. संध्याकाळपर्यंत भिंती गार पडल्या, आणि मग थंडी नुसती वाढतच गेली.

वीणाचा फोन आला. "आई, आल्झो, ऐक. श्त्रोम परवापर्यंत येणार नाही म्हणतायत. एस-बानच्या गाड्या बंद, आउटोबान बंद, मी येऊच शकत नाही गं. तू खाली हेर माइलेंकडे जाऊन बस ना. दोघं एका खोलीत बसा."

"त्यांच्याकडे? त्यापेक्षा थंडी बरी."

"आई, बिट्टे! निदान ते कसे आहेत ते तरी बघ."

"बघते हो," लीलाताई म्हणाल्या. तेवढ्यात फोनची बॅटरी संपली, आणि खाली जाणं उद्यावर गेलं.

सकाळी नळ सोडला तर त्याने नुसता उसासा टाकला. पाणी पाइपातच गोठलं होतं. खिडकीच्या काचेवर आतून बर्फ धरला होता. बाईंनी गॅलरीतला बर्फ खरवडून पातेल्यात घेतला, ट्रेकिंगच्या छोट्या गॅसवर वितळवला, आणि दत्तांचा स्वेटर अंगावर चढवून, वर दोन ब्लँकेटं घेऊन पलंगावर चहाचा कप धरून बसल्या. बाहेर कुठेतरी खालच्या अंगाला वारा विव्हळत होता. बाकी घर इतकं निपचित होतं, की त्यांना स्वतःच्या दाताखाली संक्रांतीची तिळाची वडी मोडल्याचा आवाजसुद्धा मोठा वाटला.

टक. टक.

मग जरा थांबून, टक.

कप हातातच राहिला. त्यांनी पाइपाला हात लावला आणि चटकन मागे घेतला, इतका तो गार होता. गरम झालेलं लोखंड वाजतं, असं हाउसमाइस्टर म्हणाला होता. हे लोखंड तर कालपासून मेल्यासारखं पडलं होतं. इतके महिने मनाच्या कोपऱ्यात एक टोचणी होती, की आपण स्वतःलाच फसवतो आहोत. ती टोचणी त्या क्षणी गेली. अंगावर काटा आला, आणि तो भीतीचा नव्हता.

"आले हो," त्या पुटपुटल्या. मग हातातली सोन्याची बांगडी त्यांनी पाइपावर वाजवली. टक, टक, टक.

खालून लगेच उत्तर आलं. एकामागून एक, घाईघाईने, धापा टाकल्यासारखे ठोके.

"अहो, हळू! किती ती घाई!" लीलाताई हसल्या. कितीतरी महिन्यांनी खळखळून हसल्या. बाहेरचा वाराही थांबला होता.

एखाद्याने विचारलं असतं, बाई, पाइप काय तुमच्याच खोलीपुरता आहे? तो कुठून येतो, कुठे जातो, खाली कोण राहतं? पण विचारायला घरात होतं कोण? आणि खरं सांगायचं तर त्यांना कुणी विचारायला नकोच होतं. मार्चपासून जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि ते हातात घट्ट धरून त्या बसल्या होत्या.

दिवसभर त्या बोलल्या. नात स्पृहाच्या दातांना तारा बसवल्या ते सांगितलं. पुण्याच्या भावाने फ्लॅट विकला आणि आपल्याला नंतर कळवलं, याचा राग पुन्हा एकदा काढला. अंगणातलं पेअरचं झाड बर्फाने मधोमध चिरलं, तुम्ही असता तर हळहळला असता, म्हणाल्या. "तिकडे थंडी आहे का हो?" असंही विचारलं. ठोका आला. त्यांनी तो हो धरला आणि त्यांचे डोळे भरून आले. त्या बोलायच्या थांबल्या की ठोके सुरू व्हायचे, बांगडी वाजवली की उत्तर यायचं. त्यांच्या पन्नास वर्षांच्या संसारात दत्तांनी इतकं लक्ष देऊन त्यांचं कधी ऐकलं नव्हतं.

दुपार कलली तशी ठोक्यांमधली अंतरं वाढली. मग एकेकटा ठोका यायला लागला, तोही अंगात त्राण नसल्यासारखा.

"दमलात ना?" लीलाताई मायेने म्हणाल्या. "पडा जरा. मी आहे इथेच." त्यांनी दत्तांची शाल पाइपाभोवती गुंडाळली आणि त्यावर हात ठेवून त्या आडव्या झाल्या. पाइप नंतर बराच वेळ वाजला नाही, आणि त्यांना गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मदतपथकाचा पाण्याचा टँकर रस्त्याच्या वळणावर येऊन थांबला. लीलाताई बादली घेऊन, कठडा धरून, जपून खाली उतरल्या. दारासमोरच्या पायऱ्यांवर बर्फ जसाच्या तसा होता. त्यावर एक पाऊल नाही, मिठाचा खडा नाही. तिथे त्या क्षणभर थबकल्या. ताप असो, सण असो, हेर माइले उजाडायच्या आत पायऱ्या झाडून मीठ टाकायचे, आणि दुसऱ्या कुणी आपल्या पाळीला टाकलं नाही तर चिठ्ठी लावायचे. गेले असतील कुणाकडे तरी, असं म्हणून बाईंनी बादली भरून घेतली.

परत जिना चढताना तळमजल्याच्या दाराशी त्यांनी बादली टेकवली, दम खायला.

टक.

आवाज दाराच्या पलीकडून आला होता.

लीलाताईंच्या कानांना कळलं होतं, पण मन कबूल होईना. दुसरा ठोका आला, अगदी क्षीण. तोच आवाज, ज्याच्याशी त्या दिवसभर बोलल्या होत्या. आणि हे लपवण्यात अर्थ नाही, क्षणभर त्यांना वाटलं की ऐकलंच नाही असं करावं, बादली उचलावी, वर जावं आणि दार लावून घ्यावं. वर दत्ता होते. हे दार उघडलं की ते नसणार होते. त्या क्षणाची भीती पुढे कितीतरी दिवस त्यांना झोपेतून उठवत राहिली, थंडीची नाही, अंधाराची नाही, स्वतःच्या त्या विचाराची.

मग त्यांनी जीव तोडून हाका मारल्या. टँकरवरचे दोघे धावत आले आणि त्यांनी दार फोडलं.

हेर माइले न्हाणीघराच्या दारात, हाइत्सुंगच्या पाइपाशेजारी पडले होते. गोठलेला नळाचा पाइप मोकळा करायला गेले, घसरले, आणि खुब्याचं हाड मोडलं. ओव्हरकोट अंगावर होता, पायांवर ओढून घेतलेलं पायपुसणं, आणि हातात पाना. ओठ निळे पडले होते. डोळे उघडे होते, आणि ते मदतीला आलेल्या माणसांकडे न बघता लीलाताईंकडे बघत होते.

पुढच्या आठवड्यात लाइट आले, एस-बान सुरू झाली, आणि लीलाताई हॉस्पिटलमध्ये गेल्या. वीणाने सोबत येते म्हटलं, तर नको म्हणाल्या. डब्यात मुगाचं सूप होतं, बिनफोडणीचं.

हेर माइले उशांना टेकून बसले होते, निम्मे झाल्यासारखे. छातीत कफ भरला होता, बोलताना दम लागत होता.

"बसा, फ्राउ सबनीस," ते म्हणाले. "आधी मी ओरडत होतो. बराच वेळ. मग ओरडून भागणार नाही असं दिसलं, आणि तुमचे यजमान आठवले. वर्षभर खाली ऐकत होतो मी. ते चमचा वाजवायचे की तुमची पावलं धावायची. रात्री असो, दिवसा असो. मी कधी तक्रार केली नाही त्याची."

"नाही केलीत," लीलाताई म्हणाल्या. हे त्यांच्या आजवर लक्षातच आलं नव्हतं.

"म्हटलं, या बाईला ठोका ऐकू आला की ती येते. आणि तुम्ही उत्तर दिलंत. म्हणून मी ओरडायचं थांबवलं. चला, म्हटलं, आता काळजी नाही." त्यांना खोकला आला. तो ओसरल्यावर ते म्हणाले, "पण तुम्ही आला नाहीत. नुसत्या बोलत होता. पाइप जिथून वर जातो त्या भोकातून आवाज यायचा, भाषा कळायची नाही. मला वाटलं, प्रार्थना करताय. काय म्हणत होता तुम्ही?"

हो म्हणता आलं असतं. प्रार्थना म्हटली की प्रकरण मिटलं असतं, आणि म्हाताऱ्याने आभारही मानले असते. लीलाताईंनी डब्याचं झाकण घट्ट धरून ठेवलं.

"मी माझ्या नवऱ्याशी बोलत होते," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, ते बोलावतायत. तुम्ही आहात असं मनातही आलं नाही. येऊ दिलं नाही मी."

हेर माइलेंनी मान वळवून खिडकीकडे पाहिलं, मग पुन्हा बाईंकडे. डोळ्यांत राग होता, आणि तो लपवायची त्यांनी तसदी घेतली नाही. पण रागाच्या मागे आणखीही काहीतरी होतं, एकट्या माणसालाच दुसऱ्या एकट्या माणसाला विचारता येतं असं.

"आणि?" त्यांनी विचारलं. "दिलं त्यांनी उत्तर?"

लीलाताईंनी मान हलवली. मार्चमध्ये त्यांनी कुंकू पुसलं होतं, दिवस केले होते, सगळं रीतीप्रमाणे केलं होतं. पण दत्ता खरोखर गेले ते आत्ता, या खुर्चीवर बसल्या बसल्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "ते तुम्ही दिलंत."