आष्टीच्या पुढं लागलेली लाल बत्ती

पावसाळ्यात मी मासळीचं बी पोचवतो. मूल गावाच्या बाजूच्या एका केंद्रावरून बोटाएवढी रोहू-कतल्याची पिल्लं भरायची आणि ज्या गावानं तलावासाठी सांगून ठेवलं असेल तिथं नेऊन सोडायची. बोटुकली म्हणतात त्यांना. पिकअपच्या मागच्या डाल्यात प्लास्टिकची मोठी टाकी बांधलेली असते आणि टाकीतल्या पाण्यात हवा सोडायला एक छोटा पंप असतो. हा पंप गाडीच्याच बॅटरीवर चालतो.

पूर्वी शेजारच्या सीटवर बायको असायची. वाटेत मी गाडी थांबवली की ती टाकीत हात घालून पाणी तापलं का ते पाही, मेलेली पिल्लं चाळणीनं वेचून काढी. मग मुलीला लेकरू झालं. मुलगी नागपूरला नोकरी करते. ‘दोन महिने जाऊन येतो’ म्हणून बायको गेली आणि लेकरू चालायला लागलं तरी तिथंच आहे. भांडण नाही, तंटा नाही. लेकराला पाहायला कुणीतरी पाहिजे, एवढंच. कुणी विचारलं तर मी म्हणत असे, ‘पोरीकडे गेली आहे, येईल.’

श्रावणातली गोष्ट आहे. आलापल्लीच्या पुढच्या एका गावाचं बी घेऊन मी सकाळीच निघालो होतो. आष्टी सोडली आणि समोरच्या काट्यांमध्ये बॅटरीची लाल बत्ती लागली. आधी मिणमिणली, मग पेटूनच राहिली. रिमझिम चालू होती आणि वायपर हळूहळू जड होत चालले होते.

गाडी कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवून बोनेट उघडलं. पहिली शंका बेल्टवर. बेल्ट तुटला की अल्टरनेटर फिरत नाही आणि बॅटरी चार्ज होत नाही. पण बेल्ट शाबूत होता, अंगठ्यानं दाबून पाहिला तर ताणही बरोबर. मग मीटर काढून बॅटरीला लावलं. चालू इंजिनावर चौदाच्या जवळपास व्होल्ट दिसायला पाहिजेत. काटा बाराच्याही खाली होता आणि आणखी घसरत होता. इंजिन बंद केलं, बॅटरीची वायर सोडवून अल्टरनेटरमागचा प्लग काढून पुन्हा बसवला, जाड वायरचा नट आवळला. सगळं जोडून गाडी सुरू केली तर फरक नाही. शेवटी पान्याच्या दांड्यानं अल्टरनेटरच्या पाठीवर हलकेच ठोकलं. लाल बत्ती क्षणभर विझली आणि पुन्हा लागली.

तेव्हा कळलं. आतले कार्बन संपले होते. फिरणाऱ्या भागाला टेकून करंट पोचवणारे ते दोन छोटे तुकडे असतात. झिजत झिजत टेकेनासे झाले की संपलं. म्हणजे गाडी आता फक्त बॅटरीत जेवढं उरलं होतं तेवढ्यावर चालणार होती.

पंप बंद केला असता तर कदाचित आलापल्ली गाठली असती. केलाही बंद. पण थोडं पुढं जाऊन टाकीत डोकावलो तर पिल्लं वर येऊन तोंडं उघडत होती. पाहवेना. पंप पुन्हा चालू केला, वायपर बंद केले आणि खिडकीतून बाहेर मुंडकं काढून गाडी हाकत राहिलो. इंजिन आचके द्यायला लागलं आणि धानाच्या बांध्यांजवळ, दोनचार घरं होती तिथं, गाडी गप्प झाली.

त्या रस्त्यावर लोहखनिजाचे ट्रक एकामागून एक असतात. मी हात करत होतो, ते लाल चिखल उडवत जात होते. त्यांचाही दोष नाही, थांबून त्यांनी काय केलं असतं? मोबाईलला रेंज नव्हती. काय करायचं ते मला माहीत होतं. अल्टरनेटर खोलायचा, तो आणि बॅटरी दोन्ही बसनं आलापल्लीला न्यायचं. पण ‘आता काय कराचं?’ असं विचारणारं शेजारी कुणी नव्हतं, आणि त्या वेळी मला तेच हवं होतं.

मग खोलायला घेतलं. पहिल्यांदा बॅटरीची वायर काढली. बॅटरी सोडवली तसा मागचा पंप बंद पडला. अल्टरनेटरचा ताणाचा नट ढिला करून बेल्ट उतरवला, वायरी सोडवल्या, गंजलेले बोल्ट ठोकून ठोकून काढले आणि तो जड गोळा हातात आला. मधून मधून डाल्यात चढून मी मगानं टाकीतलं पाणी वर उचलून परत टाकीत सोडत होतो. पाणी उंचावरून पडलं की हवा मिसळते. पण हे किती वेळ करणार? आणि मी गेलो की कोण करणार?

बांधावरून एक म्हातारी आली. डोक्यावर टोपली, टोपलीत बांबूचे कोंब. तिनं टोपली खाली ठेवली, चाकावर पाय देऊन टाकीत पाहिलं.

“मीन?” तिनं विचारलं. गोंडीत माशांना मीन म्हणतात, एवढं मला येत होतं.

“हो बाई, मासे. तलावात सोडाचे आहेत. गाडी बिघडली. हवा नाई भेटली तर मरतीन.”

ती माझ्या हातातल्या मगाकडं पाहत राहिली. नंतर हात पुढं करून तिनं तो घेतला.

“तू जा,” ती म्हणाली. “बस येते आता.”

“लय वेळ लागन बाई.”

“जा म्हन्तलं ना.”

बस आली. एका हातात अल्टरनेटर, दुसऱ्यात बॅटरी घेऊन मी चढलो.

आलापल्लीच्या इलेक्ट्रिशियननं अल्टरनेटर उघडून मला दाखवला. कार्बन नावालाच उरले होते आणि ते जिथं टेकतात त्या तांब्याच्या कड्यांना खोल चर पडले होते.

“भाऊ, नवे कार्बन टाकून देतो म्हणा, पण हे कडे खाऊन टाकतीन त्याले. पुन्हा इथीच येशान.”

त्याच्याकडं त्याच मापाचा, दुरुस्त करून ठेवलेला एक अल्टरनेटर होता. तो त्यानं मशीनवर फिरवून तपासून दिला. बॅटरी चार्जिंगला लावली. ती भरेपर्यंत मी त्याच्या दुकानासमोरच्या बाकावर बसलो. तिथं रेंज होती. बायकोला फोन लावला. वाजत राहिला. लेकराला निजवत असेल. दुसऱ्या कुणाला लावावा म्हणून नावं खालीवर करून पाहिली. केंद्रवाले, मच्छीमार सोसायटीवाले, गॅरेजवाले. ज्याला नुसतं ‘अडकून पडलो आहे’ म्हणून सांगावं असं नाव सापडलं नाही. फोन खिशात टाकला.

परत पोचलो तेव्हा पाऊस वाढला होता. म्हातारी पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन डाल्यात उभी होती आणि पाणी उचलून सोडत होती. उजवा हात थकला असावा, पाण्याचा मग आता डाव्या हातात होता. मेलेली पिल्लं तिनं पळसाच्या पानावर वेगळी काढून ठेवली होती. ओंजळभर असतील. बाकीची टाकीत फिरत होती.

मी आधी बॅटरी जोडून पंप चालू करून दिला. पाण्यात बुडबुडे उठले तशी ती दचकून मागं सरली आणि मग हसली. खाली उतरून माझ्याजवळ येऊन उभी राहिली. बॅटरीची वायर परत काढल्याशिवाय अल्टरनेटर बसवता येत नाही, म्हणून पाण्यात जरा दम भरू दिला आणि मग कामाला लागलो. बोल्ट घातले, वायरी लावल्या, बेल्ट चढवला. टॉमीच्या लोखंडी दांड्यानं अल्टरनेटर बाहेर ओढून धरायचा आणि त्याच वेळी नट आवळायचा, याला दोन माणसं बरी पडतात. मी सांगायच्या आधीच तिनं टॉमी धरली.

“पोरगा तेलंगणात आहे,” ती म्हणाली. “सून बी तिकडंच. मी इथी.” मग विचारलं, “तुह्या घरी कोन आहे?”

“कोनी नाई,” मी म्हणालो.

बोलून गेलो आणि पाना हातात तसाच राहिला. हे मी कुणापाशी म्हटलं नव्हतं, स्वतःशीसुद्धा नाही. ती हळहळली नाही, खोदून विचारलं नाही. “हव,” एवढंच म्हणाली आणि टॉमी आणखी दाबून धरली. मी नट आवळला.

चावी फिरवली. इंजिन एका झटक्यात लागलं, लाल बत्ती विझली. मीटर लावून पाहिलं, चौदाच्या वर. लाइट लावले, वायपर लावले, तरी काटा हलला नाही. तिला काय द्यावं सुचेना. डब्यात भाकर-चटणी होती, सकाळपासून उघडलाच नव्हता. अर्धी भाकर तिनं घेतली, अर्धी मला खायला लावली आणि टोपली उचलून घराकडं गेली.

दिवस कलता गावी पोचलो. सोसायटीची माणसं तलावावर वाट पाहत होती. टाकीत तलावाचं पाणी थोडं थोडं मिसळून आम्ही बोटुकली सोडली. काठाशी क्षणभर घोटाळून ती खोल पाण्यात निघून गेली. माणसं आपापल्या घरी पांगली. मी तलावाच्या बांधावर, पाळीवर एकटा उभा असताना फोन वाजला. बायको होती.

“दुपारी फोन केला होता ना? लेकरू निजतच नव्हतं. काय झालं?”

मी सांगितलं. सगळं ऐकून घेऊन तिनं विचारलं, “बी किती मेलं?”

“थोडं. एका बाईनं जगवलं.”

“आवाज असा काऊन येऊन राह्यला तुमचा?”

“तू कवा येशीन?” मी विचारलं. इतक्या दिवसांत असं सरळ कधी विचारलं नव्हतं. मागं लेकरू काहीतरी आपटत होतं.

“पोरगी कामावर जाते, याले कोन पाहीन?” ती हळूच म्हणाली. मग म्हणाली, “पोळ्याले येतो. याले घेऊनच येतो.”

“ये,” मी म्हणालो.

ती आली, चार दिवस राहिली आणि परत गेली. ते पुढचं.

मासे सोडले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी परतताना मी म्हातारीच्या घरापाशी थांबलो. दाराला कडी होती. पलीकडच्या बांधीत बायका धानाची रोपं लावत, रोवणा करत होत्या, त्यांच्यात ती वाकलेली दिसली. मी हाक मारली, “बाई, मासे जगले!” ती कमरेवर हात ठेवून सरळ झाली, माझ्याकडं पाहिलं, हातातली रोपांची पेंडी वर करून हलवली आणि पुन्हा वाकली. मी रस्त्याच्या कडेला थोडा वेळ पाहत उभा राहिलो. मागून ट्रकनं हॉर्न दिला, तेव्हा गाडीत बसलो.