बेंबळी ते वस्ती, पायी फेरी

एसटीचा ड्रायव्हर म्हणून मी तीस वर्षं नोकरी केली, त्यातली निम्मी तरी धाराशिव-बेंबळी रस्त्यावर. या रस्त्यावर हात करणाऱ्या कुणालाही मी कधी सोडून गेलो नाही. थांबा असो नसो, डोक्यावर गाठोडं घेतलेली म्हातारी दिसली की पाय आपोआप ब्रेकवर जायचा. कंडक्टर कुरकुरायचे, म्हणायचे, ही काय तुमच्या घरची बैलगाडी आहे का. या पुण्याईचा मला म्हातारपणी त्रास होईल असं तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला तिथंच गाडीतून उतरवलं असतं.

रिटायर झालो तेव्हा शाल मिळाली, नारळ मिळाला आणि भेटेल त्याच्याकडून एकच आशीर्वाद मिळाला, "आता बसून खायचं." आमच्याकडं ज्याचा मुलगा हाताशी आला त्या बापानं काम करायचं म्हणजे मुलाची नाचक्की. मुलगा शेत बघत होता, सून घर बघत होती. मी बाजेवर बसलो. पाण्याचा तांब्यासुद्धा कुणीतरी हातात आणून द्यायचं. पहिले दोन महिने मला वाटलं, यालाच सुख म्हणत असावेत.

मग कधी ते कळलं नाही, पण सगळ्याची चव गेली. पहाटे चारला जुन्या सवयीनं जाग यायची आणि उठायचं कशासाठी ते सुचायचं नाही. दाढी आठ-आठ दिवस राहायची. लेकीचा फोन आला की मी तो बायकोकडं सरकवायचो. बेंबळीचा आठवडी बाजार आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर भरायचा, तिथंही जावंसं वाटेना. एकदा भरदुपारी भिंतीकडं बघता बघता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि कारण म्हणाल तर एकही नाही. बायकोनं ते पाहिलं आणि ती घाबरली. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं मला चिडलेला रोज पाहिला होता, रडताना कधीच नाही.

"अवं, कुठं दुखतंय का?"

"न्हाय."

"मग?"

"कशातच जीव लागंना," मी म्हणालो. "जगायचं तरी कशाला, असं वाटायलंय."

बोलून गेलो आणि माझीच मला भीती वाटली. तिनं दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं मला धाराशिवला नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, दिवसभर काय करता?"

"काहीच नाही," मी जरा तोऱ्यातच सांगितलं. "मुलगा-सून करूच देत नाहीत."

त्यांना काही कौतुक वाटलेलं दिसलं नाही. म्हणाल्या, हा उदासीचा आजार आहे. कुणालाही होतो, पण उतारवयात बसून राहणाऱ्याला लवकर गाठतो. गोळ्या देते, त्या घ्यायच्याच. त्याबरोबर रोज अर्धा-पाऊण तास चालायचं, अंगाला घाम येईपर्यंत. तेही औषधच समजायचं, चुकवायचं नाही. मी मान हलवली. लोकांना चालावं लागू नये म्हणून ज्यानं उभी हयात घालवली, त्याला हा सल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी धाराशिवच्या रस्त्याला लागलो. शंभर पावलं झाली नसतील, तोच दूधवाल्याची मोटारसायकल शेजारी येऊन थांबली.

"कुनीकडं, काका?"

"कुठं न्हाय. चालायलोय."

"चालत कशापायी? बसा की."

आमच्या भागात 'बसा' म्हटल्यावर न बसणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर दार लावणं. त्याच्या आईला मी किती वेळा आडरानात गाडी थांबवून घेतलं होतं, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. मी बसलो. त्यानं मला चार किलोमीटर पुढं नेऊन सोडलं. निदान परत तरी चालत येऊ म्हटलं, तर समोरून ओळखीचा ट्रॅक्टर आला. घरी पोचलो तेव्हा माझं एकूण चालणं दारापासून डांबरी रस्त्यापर्यंत भरलं होतं.

आठवडाभर हेच. कधी मास्तरांची स्कूटी, कधी कडब्याची गाडी, एकदा तर मंडपवाल्याचा टेम्पो, त्यात मी आणि लग्नाची भांडी. चालायला सांगितल्यापासून मी नोकरीत बसलो नव्हतो इतका बसत होतो. शेवटी एका पोराला धीर करून म्हणालो, नको रे, मी चालतो. त्याचं तोंड एवढंसं झालं. दुपारी त्याची आई दारात हजर, "आमच्या पोराचं काय चुकलं म्हून बसला न्हाईत?"

असं तिघांना नाही म्हटलं आणि गावात वेगळीच बातमी उठली. हातात पिशवी नाही, खुरपं नाही, काम विचारलं तर काही नाही म्हणतो आणि गाडीवरही बसत नाही, म्हणजे माणूस घरातून रुसून निघालाय. मग रुसवा कुणावर, तर सुनेवर. दुसरं कोण सापडणार? ही बातमी थेट येरमाळ्याला पोचली आणि तिथून माझा मेहुणा समजूत घालायला आला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि हलक्या आवाजात म्हणाला, "दाजी, काय झालंय ते मोकळ्या मनानं सांगा. पोरीला दोन शब्द सांगू आपण."

ती पोरगी, म्हणजे माझी सून, चहा घेऊन दारातच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. माझं दुखणं मी लपवलं आणि डाग तिच्यावर आला. मी मेहुण्याला सगळं सांगितलं, भिंतीकडं बघून रडलेलं, जगणं नको वाटलेलं, गोळ्या, डॉक्टरीणबाई, सगळं. पाहुण्यासमोर असं बोलायचं नसतं, पण बोललो आणि छातीवरचा दगड हलल्यासारखं वाटलं. मेहुण्यानं टोपी उचलून परत डोक्यावर घातली. मग म्हणाला, "आधी बोलायचं की वं, दाजी. म्या इकडं पोरीला बोलून बसलो असतो." त्यानं तिच्या हातातला चहा घेतला आणि तिचीच माफी मागितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेनं माझ्या हातात कापडी पिशवी दिली.

"मामा, ह्यात वस्तीवरल्या आबांच्या गोळ्या हायत. पांदणीनं जावा, नेऊन द्या. आन वाटंत कुनी बसा म्हणलं तर सांगा, ड्युटीवर हाय."

आबा म्हणजे ऐंशीच्या घरातले एक शेतकरी. गावापासून दोन किलोमीटरवर, ओढ्यापलीकडं शेतातच त्यांची वस्ती. त्यांची सून आमच्या सुनेची मैत्रीण. पांदण म्हणजे दोन्ही बाजूंनी बाभळीचे काटे आणि मध्ये बैलगाडीपुरती वाट. तिथंही एकानं मोटारसायकल घातलीच आणि म्हणाला, बसा. मी पिशवी दाखवून म्हणालो, "ड्युटीवर हाय." त्यानं लगेच पाय उचलून गिअर टाकला आणि म्हणाला, "असं व्हय. चालू द्या मग." फेरीवर निघालेल्या ड्रायव्हरला कोण आडवं येतंय? मी भर पांदणीत एकटाच मोठ्यानं हसलो. किती महिन्यांनी हसलो होतो देव जाणे.

गोळ्या एका दिवसात पोचल्या, पण फेरी सुरूच राहिली. वाटेवरच्या वस्त्यांना पत्ता लागला. कुणाचा शिंप्याकडचा ब्लाउज, कुणाच्या आधार कार्डाची झेरॉक्स, कुणाची विरजणाची वाटी. येताना पिशवीत हरभऱ्याचा डहाळा नाहीतर बोरं. मी वेळ ठरवून टाकली. सातला मारुतीपासून निघायचं, पावणेआठला वस्ती. उशीर झालेला मला खपत नाही, स्वतःचा तर मुळीच नाही. घाम येऊ लागला, भूक लागू लागली, झोप यायला लागली. एका दुपारी आमटीत मीठ जास्त म्हणून मी बायकोवर ओरडलो, तर ती रागावायच्या ऐवजी पदर तोंडाला लावून हसली. म्हणाली, "वरडा अजून. लई दिसांनी वरडलात."

आबा मात्र कमी बोलायचे. बायको गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, ते गावात आले नव्हते. गुडघे गेलेत असं सगळे सांगायचे, आणि मीही तेच धरून चाललो होतो. मी पोचलो की ते बाजेवरून मोबाईलमध्ये वेळ बघायचे. "दोन मिनटं लेट हाईस, डायवर," एवढंच म्हणायचे आणि गावात काय चाललंय ते विचारायचे. मी मयतापासून बारशापर्यंत सगळं सांगायचो. ते ऐकत बसायचे आणि मी परत फिरायचो.

असे तीन-चार महिने गेले. मला वाटलं, सुटलो. आणि ज्वारीच्या काढणीच्या दिवसांत एका सकाळी मी उठूच शकलो नाही. काही झालं नव्हतं, कुणी काही बोललं नव्हतं. तेच जुनं ओझं अंगावर येऊन बसलं होतं. सात वाजले, आठ वाजले. बायको दोनदा येऊन गेली. सून पिशवी भरून दाराशी ठेवून गेली. मी भिंतीकडं तोंड करून पडलो होतो आणि मनात एकच होतं की हे आता असंच राहणार, सगळी पायपीट फुकट गेली.

साडेनऊच्या सुमारास अंगणात काठीचा आवाज आला. बायको म्हणाली, "अगं बाई, आबा तुमी?"

मी कूस बदलली. आबा माझ्या पायाशी बाजेवर येऊन बसले. सदरा घामानं पाठीला चिकटलेला, धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेलं. पाणी प्यायले, तोंड पुसलं.

"गाडी आली न्हाय," ते म्हणाले. "म्हणलं, बघून यावं काय झालं."

ना उठ म्हणाले, ना उपदेश केला. नुसते बसून राहिले. माझा मुलगा मोटारसायकल घेऊन शेतात गेलेला. ऊन चढायच्या आत या माणसाला परत कोण नेणार? मी उठलो, चूळ भरली, पिशवी घेतली आणि त्यांच्याबरोबर निघालो.

वाटेत ते तीनदा बसले. दुसऱ्यांदा ओढ्यावरच्या बुटक्या फरशी-पुलावर, म्हणजे बरोबर निम्म्या वाटेवर.

"आबा, एवढे गुडघे दुखत असताना यायचं नव्हतं," मी म्हणालो.

"गुडघ्याचं निमित्त हाय रं," ते पाण्याकडं बघत म्हणाले. "म्हातारी गेल्यापास्नं गावात पाऊल टाकू वाटंना. कुनी इचारलं की गुडघं सांगायचो. सगळ्यास्नी पटायचं."

"मग आज?"

"आज तुझी काळजी वाटली."

इतके दिवस मी समजत होतो की आजारी मी आणि ते नुसते म्हातारे. मी त्यांचा हात धरला. त्यांनीही तो सोडवून घेतला नाही. वस्तीवर पोचलो तेव्हा त्यांची सून बांधावर उभी राहून आम्हा दोघांना बघत होती आणि रडत होती. तिला बहुतेक दोन वर्षांचं रडायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी सातला निघालो. मन हलकं होतं असं नाही, पण निघालो. फरशीवर पोचलो तर आबा आधीच येऊन बसलेले. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका.

"आन ती पिशवी हिकडं," ते म्हणाले. "हितनं पुढची फेरी माझी."

मी पिशवी दिली. ती खांद्याला अडकवून, काठी टेकत ते वस्तीच्या वाटेला लागले. एकदाही मागं वळून पाहिलं नाही. ते वळणाआड जाईपर्यंत मी फरशीवर उभा होतो. मग माघारी इतक्या जोरात चालत सुटलो की घरी आल्यावर धाप लागलेली. बायकोनं घाबरून विचारलं, काय झालं.

"आबा कामाला लागले," मी म्हणालो आणि जेवायला वाढ म्हणून सांगितलं.