गाडीत भरलेली ओटी

नवऱ्यानं खिडकीच्या गजांतून पेढ्यांचा पुडा आत दिला, तेव्हा माझ्या ओटीत एका परक्या म्हातारीची ज्वारी होती आणि पोटात काहीच नव्हतं. तो हसत होता. लग्नाला सात वर्षं होत आली होती, पण दात दिसेपर्यंत हसताना मी त्याला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. बीदरचं स्टेशन होतं, दुपारची वेळ. सगळा जनाना डबा माझ्याकडे बघत होता. मी पुडा घेतला. न घेऊन काय करणार? शेजारी सासू बसली होती. तिनं तोंड दुसऱ्या बाजूच्या खिडकीकडे फिरवलं.

माझा नवरा भालकीच्या तहसील कचेरीत कारकून होता. निजामाचं राज्य, त्यामुळे मोहरमला कचेरी बंद असायची. त्या सुट्टीत आम्ही हैदराबादला निघालो होतो. माझी नणंद तिथं दिलेली. तिला मुलगा झाला होता आणि बारसं होतं. तो पुरुषांच्या डब्यात बसला, मी आणि सासू बायकांच्या.

सासूच्या मनात बारशाशिवाय आणखी एक काम होतं. नणंदेच्या गल्लीत एक मुलगी होती. बाप गरीब, बिजवराला, अगदी सवतीवर द्यायलासुद्धा तयार. हे सासूनं मला सांगितलं नाही. ती शेजारणीला सांगायची, पण मी जात्यावर बसले की सांगायची आणि मला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं सांगायची. नवऱ्यापुढं तिनं हा विषय दोन-चारदा काढला होता. दर वेळी तो म्हणायचा, “एक हाय ती पुरे.” यापुढं तो काही बोलायचा नाही, आणि मला कधी गोड बोलला असंही नाही. पण त्या घरात माझं राहणं त्या एका वाक्यावर होतं. ते मला ठाऊक होतं, सासूलाही ठाऊक होतं.

आता टोपड्याचं. बारशाला आजोळाहून बाळाला टोपडं न्यायचं असतं. सासू बाजारातून विकत आणणार होती. मला क्रोशाचं विणकाम येत होतं. माझं माहेर आमच्या बीदरकडच्या कल्याणचं, तिथं मुलींच्या शाळेत मी चौथीपर्यंत गेले, आणि एका ख्रिस्ती बाईनं आम्हाला सुई धरायला शिकवली होती. मी विणते म्हटल्यावर सासू मला काही बोलली नाही. संध्याकाळी मुलगा घरी आल्यावर त्याला म्हणाली, लेकरू न झालेल्या बाईच्या हातचं बाळाच्या डोक्यावर कशाला? दुसऱ्या दिवशी तो कचेरीतून येताना पांढऱ्या दोऱ्याचं एक रीळ आणि लाल दोऱ्याचं एक रीळ घेऊन आला आणि माझ्यापुढं ठेवली. ती दोन रिळं माझ्या बाजूची होती, असं मी धरून चालले.

घरी विणायला वेळ मिळाला नाही. दळण, पाणी, भाकरी, वाटेच्या दशम्या. गाडी सुटली तेव्हा माझे हात रिकामे झाले. सुट्टी त्याची होती, पण रिकामे हात मला त्या गाडीतच मिळाले. मी पिशवीतून सुई काढली. टोपड्याला काही फार अक्कल लागत नाही. मध्यावर एक बारीक कडं घालायचं, त्याभोवती खांब, म्हणजे उभे टाके, पुढच्या फेरीत थोडे जास्त, तळहाताएवढी चकती झाली की वाढवायचं थांबायचं आणि सरळ खाली यायचं. शेवटी लाल काठ आणि बांधायला नाड्या. माझी चकती झाली होती. ती गुडघ्यावर ठेवली की वाटीसारखी दिसायची आणि कुणालाही कळलं असतं की हे बाळाचं आहे.

मी गाडीत पहिल्यांदाच बसले होते. डबा हलत होता, इंजिनाचा धूर आत येत होता, आणि मी मान खाली घालून टाके मोजत होते. व्हायचं तेच झालं. मी उठून खिडकीला गेले आणि ओकले. तोंड पुसून परत बसले, पुन्हा सुई घेतली, पुन्हा ओकले.

समोर उदगीरहून बसलेली एक धनगराची म्हातारी होती. हातात चांदीची जाड कडी, मांडीशी गाठोडं. लेकीकडे बीदरला चालली होती. तिच्या शेजारी एक तरुण बाई, पदराखाली महिन्या-दोन महिन्यांचं पोर. म्हातारी माझ्याकडे बघून हसायला लागली. सासू म्हणाली, गाडी लागली तिला. म्हातारी म्हणाली, “गाडी मलाबी लागती, अक्का. पर मी काय टोपडं विणत बसले न्हाई.”

डबा हसला. मी मान वर केली नाही. म्हातारीनं सासूला विचारलं, “पयलंच हाय का?”

आता सासूनं काय म्हणायला हवं होतं, ते सोपं होतं. नातवाचं टोपडं आहे, लेकीकडे चाललोय. एवढं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता की सुनेला काय आहे. मग सांगावं लागलं असतं, आणि समोरच्या तरुण बाईनं पोराचं तोंड पदरानं झाकून जागा बदलली असती. हे आमच्याकडे होतं. गावात माझ्या बाबतीत झालेलं होतं, आणि सासूनं ते उभं राहून पाहिलं होतं.

“व्हय,” ती म्हणाली. “पयलंच.”

माझी सुई थांबली. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं पदराखालून माझ्या मांडीला चिमटा घेतला. तिनं मला झाकलं का स्वतःला झाकलं, ते मला तेव्हा कळलं नाही. आता मी तिच्यापेक्षा म्हातारी झाले, अजूनही कळलेलं नाही.

मग बायका सरकून जवळ आल्या. कुणी म्हणालं, पोटावरून मुलगा दिसतो. पोट होतंच कुठं? नऊवारीचा घोळ होता तो. कुणी काय खावंसं वाटतं म्हणून विचारलं. मी टोपड्याकडेच बघत राहिले. ती लाज त्यांना पहिलटकरणीची वाटली आणि त्या आणखी खुश झाल्या. म्हातारी म्हणाली की पहिल्या खेपेची बाई समोरून अशीच कशी जाऊ द्यायची. तिनं गाठोडं सोडलं. लेकीसाठी नेलेली नवी ज्वारी होती. तांदूळ-गहू तिच्याकडे कुठले असणार. मला पूर्वेकडे तोंड करून बसायला सांगितलं, पण गाडी वळत होती आणि पूर्व कुठली यावरून बायकांत वाद झाला. शेवटी म्हातारी म्हणाली, बस तिकडं बघून, देवाला कळतंय. तिनं माझ्या पदरात पाच ओंजळी ज्वारी टाकली. कुणी सुपारी दिली, कुणी गुळाचा खडा. पोरवाल्या बाईनं एक पेरू ठेवला. माझं टोपडं तसंच सुईसकट मांडीवर होतं, त्याच्यावरच ज्वारी पडली.

मग म्हातारीनं गाठोड्याच्या तळातून खण काढला. हिरवा, तांबड्या काठाचा, घडी न मोडलेला. सासू म्हणाली, नको, तो लेकीचा असेल. म्हातारी म्हणाली, लेकीला दुसरा घेता येईल, ओटी खणाबिगर भरायची न्हाई. माझ्या पदरात तो ठेवला आणि माझ्या कपाळाला कुंकू लावलं. तिचं बोट खरखरीत होतं.

मला सांगायचं होतं. मी तोंडही उघडलं होतं. पण ओटी परत करत नाहीत. भरलेली ओटी परत करणं म्हणजे देणारीच्या तोंडावर अशुभ फेकणं. खोटी आहे म्हणून सांगितलं असतं, तर तिची ज्वारी, तिचा खण आणि तिचा हात, सगळं विटाळलं असतं. सांगून तिच्या पदरात मी काय टाकणार होते? मी गप्प बसले. मला इतकी लाज वाटत होती की अंगाला घाम सुटला. म्हातारीनं आपल्या पदरानं वारा घातला.

बीदर आलं. म्हातारी उतरली. माझा नवरा आमच्या डब्यापाशी पाणी पाहिजे का विचारायला आला होता. हा माझाच माणूस हे तिला कसं कळलं कोण जाणे. बहुतेक त्यानं मला हाक मारली असेल. तिनं त्याला थांबवलं. “अप्पा,” म्हणाली, “बायकोची ओटी भरली म्या. तोंड गोड कर की समद्यांचं.”

तो आधी तिच्याकडे बघत राहिला, मग खिडकीतून माझ्याकडे. माझ्या पदरात ज्वारी, कपाळाला ताजं कुंकू. मग आईकडे बघितलं. आई काही बोलली नाही. तो वळला आणि फलाटावरून जवळजवळ पळतच गेला. मोठा माणूस, डोक्याला रुमाल बांधलेला, कचेरीतला. पेढे घेऊन आला.

म्हातारीला पहिला पेढा दिला. मग पुडा आत दिला.

गाडी विकाराबादकडे निघाली. पेढे डब्यात वाटले गेले. मी टोपडं हातात घेतलं, त्यातले ज्वारीचे दाणे झटकले आणि लाल काठ घातला. हात चालत होते. काठ चांगला आला, हेही सांगायला पाहिजे.

विकाराबादला गाडी बदलायची होती. आम्ही फलाटावरच्या बाकावर बसलो. तो माझ्यापुढं उभा राहिला आणि विचारलं, घरी कामून सांगितलं न्हाईस? आवाज मऊ होता. मी म्हणाले, सांगण्यासारखं काही नाही, म्हणून सांगितलं नाही. त्याला कळायला थोडा वेळ लागला.

“मग ओटी कामून भरून घेतलीस?”

मी म्हणाले, आईला विचारा.

त्यानं विचारलं नाही, नुसतं बघितलं. सासू म्हणाली, “चार बायका बसल्या हुत्या. काय सांगू, सून वांझ हाय म्हनून?”

हा शब्द तिनं मागून कितीदा वापरला असेल. समोर पहिल्यांदा वापरला. पुड्यात उरलेले दोन-तीन पेढे होते. माझ्या हातातून त्यानं पुडा घेतला आणि बाकाच्या कडेला ठेवला. दुसरी गाडी आली, आम्ही उठलो. पुडा तिथंच राहिला.

हैदराबादला बारसं झालं. टोपडं सासूनं बाळाला घातलं आणि व्याह्यांकडच्या बायकांना सांगितलं, भालकीच्या बाजारातून घेतलं. त्या म्हणाल्या, काम नीट आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना नवरा आपणहून आईला म्हणाला, त्या मुलीला बघायला कधी जायचं? सासूनं त्या घरात तोपर्यंत विषय काढला नव्हता. मी तिथंच बशी पुसत होते.

मी त्याच्यावर रागावले नाही, आणि हे चांगलेपणानं म्हणत नाही. राग करायला मला तोंड नव्हतं. एक हाय ती पुरे, असं तो म्हणायचा तेव्हा खोटं म्हणत नव्हता. त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं. बीदरच्या फलाटावर पळत गेला तेव्हा त्याला कळलं. एका स्टेशनापासून दुसऱ्या स्टेशनापर्यंत तो बाप झाला होता, आणि नंतर त्याला परत पहिल्यासारखं होता आलं नाही. सासूनं दोन-चारदा सांगून जे झालं नाही, ते तिच्या एका “व्हय”नं झालं. मला वाटतं तिला त्याचा आनंद झाला नाही. परतीच्या गाडीत तिनं आपणहून खिडकीची जागा मला दिली.

सवत त्याच वर्षी आली. माझ्यापेक्षा बरीच लहान, स्वभावानं बरी, भाकरी जाड करायची. तिला दिवस गेले. तिच्या ओटीच्या दिवशी घरात नवा खण नव्हता. मी पेटीतून तो हिरवा खण काढून दिला. मी तो शिवला नव्हता. शिवून अंगात कसा घालणार? लेकरू न झालेल्या बाईच्या हातानं ओटी भरत नाहीत, म्हणून सासूनं भरली. मी दाराशी उभी होते. खण बघून सासूनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुढची ओंजळ टाकली. सवतीनं विचारलं, कुठला हाय अक्का, लई छान हाय. मी म्हटलं, बीदरचा.

सासू निजामाचं राज्य जायच्या आधी गेली. नवरा पटकीत गेला, दोन दिवसांत. ती धनगराची म्हातारी तेव्हाच म्हातारी होती.

मी आणि सवत राहिलो, आणि तिची दोन लेकरं.